इसारपावती झाली, खरेदीखत बाकी

दर महिन्याला या पानावर मी तुमच्या पत्रांना उत्तरं देते. यंदा झड अशी लागली की पोस्टमन आठ दिवस फिरकलाच नाही, आणि आला तेव्हा पाच पत्रं एकदम घेऊन आला. त्यातली दोन ओली होती, चुलीजवळ वाळवून वाचली. नावं छापत नाही. तालुका तेवढा राहू देते.

प्रश्न : बाई, मी २४ वर्षांचा आहे. मारेगाव तालुक्यात एका जिनिंगमध्ये काट्यावर बसतो. पत्राद्वारे ख्रिस्ती शिक्षणाचा कोर्स लावला आहे. या सहामाहीत तीन विषय आहेत : ख्रिस्त कोण, तारण म्हणजे काय, आणि शेवटच्या गोष्टी. परिषदा, सनावळ्या, ग्रीक शब्द, काही डोक्यात राहत नाही. मित्र म्हणतात, प्रकटीकरणापासून, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून सुरू कर, तेच मजेचं आहे. इंग्रजी मला झेपत नाही. कसा अभ्यास करू?

उत्तर : तुला 'तू' म्हणते, रागावू नकोस. जिल्हा परिषदेच्या शाळेत तुझ्या वयाच्या पोरांचे बापसुद्धा माझ्या हाताखालून गेलेत.

आधी एक कबुली देते. निवृत्त झाल्यावर मीही असाच कोर्स लावला होता आणि पहिल्याच पेपरात, ख्रिस्ताच्याच पेपरात, नापास झाले. शंभरात ३१. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई चालवलेल्या बाईला तो आकडा पोस्टाने घरी येतो, आणि पाकीट नातू फोडतो. मी लिहिलं होतं, कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस येशूला देव मानत नव्हता. अरे, मानत होता! त्याचं म्हणणं एवढंच की मरियेला 'देवमाता' म्हणू नका, 'ख्रिस्तमाता' म्हणा; आणि ४३१ साली इफिसच्या परिषदेत तो त्यावरून पदावरून गेला. ४३१ हा आकडा मला पाठ होता. भांडण कशावरून होतं, हे मात्र मी कधी नीट ऐकूनच घेतलं नव्हतं. तेव्हा सनावळीच्या मागे लागू नकोस. धुऱ्याचं भांडण आपण कसं ऐकतो? कोण काय म्हणतो आणि त्याचं म्हणणं खरं निघालं तर कुणाचं किती वावर जातं. परिषदा तशा ऐक.

माझे वडील यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत मेसचे स्वयंपाकी होते. ती १९५३ पासून १९८३ पर्यंत आपल्या यवतमाळात होती, मग पुण्याला गेली. देशभरातली पोरं तिथे शिकायला यायची आणि पंगतीत वरण थंड होईपर्यंत तंडायची. वडिलांचं शिक्षण चौथी. एकदा त्यांनी एका विद्यार्थ्याला विचारलं, की एवढं काय ठरवायचं आहे तुम्हाला? तो म्हणाला, "काका, जो आला तो कोण होता, त्यावर तो काय करू शकला हे ठरतं. आणि तो काय करू शकला, त्यावर आपण कशाची वाट पाहायची हे ठरतं." वडिलांनी घरी येऊन आईला त्याचं वऱ्हाडी केलं : "कोन आला, काय केलं, काय रायलं." तुझे तीन पेपर म्हणजे एवढंच, आणि याच क्रमाने. मित्रांना सांग, प्रकटीकरण सगळ्यात शेवटी.

कोण आला, इथे खरी मेहनत आहे. तुमच्याकडे आता ठिबक आलं असेल. ठिबकाची नळी एकीकडे टाकीला जोडलेली हवी आणि दुसरीकडे शेवटच्या झाडापर्यंत पोचलेली हवी. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता की पुत्र सगळ्या सृष्टीहून थोर आहे, पण घडवलेलाच आहे. तो नव्हता अशी एक वेळ होती. म्हणजे नळी चकाचक, पण टाकीला जोडलेलीच नाही. ३२५ साली नीकियाच्या परिषदेने पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे असं म्हटलं ते यासाठी. नंतर अपोलिनारिस आला. तो एरियसच्या विरुद्ध बाजूचा, भला माणूस. तो म्हणाला, ख्रिस्ताला देह माणसाचा होता, पण माणसाचं मन नव्हतं, त्या जागी देवाचा शब्द, म्हणजे देवाचा पुत्रच होता. त्याला वाटलं असावं, मन ही फार घाण जागा, देवाला तिथे कशाला न्या? तेव्हा नाझियांझसच्या ग्रेगरीने एका पत्रात लिहिलं की ख्रिस्ताने माणसाचं जे स्वतःवर घेतलं नाही, ते बरं झालेलं नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर ज्या ओळीपर्यंत नळी गेली नाही ती ओळ वाळणार. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. पुढे दुसऱ्या एका पत्रात मला याचा आधार घ्यावा लागणार आहे.

४५१ ची खाल्केदोनची परिषद हे सगळं एका वाक्यात बांधते : एकच ख्रिस्त, दोन स्वभावांत, मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. पोरं वैतागतात, की चार वेळा 'नाही' म्हणून सांगितलं काय? मला तर तेच आवडतं. मोजणीवाला वावराच्या चार कोपऱ्यांना चार दगड पुरतो आणि जातो. आत काय पिकतं ते तो सांगत नाही. (केरळच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या ही परिषद मानत नाहीत, पण येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य हे त्याही मानतात. परीक्षेत त्यांना पाखंडी लिहू नकोस.)

आता काय केलं. इथे तुझं इंग्रजी न येणं तुझ्या पथ्यावर पडेल. आपल्या मराठी बायबलात तारणाचे शब्द बघ. सगळे सोसायटी आणि सावकाराच्या दारातले. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'आमची ऋणे आम्हांला सोड' म्हणतो. मार्क १०:४५ मध्ये 'खंडणी'. प्रेषित पौल आपल्या पत्रांत पवित्र आत्म्याला 'विसार' म्हणतो, ज्याला आपण इसार म्हणतो. आणि खुद्द 'तारण' हा शब्द! मंडळीत तारण म्हणजे पलीकडे नेणं, वाचवणं. बँकेच्या फळ्यावर 'सोनेतारण कर्ज' लिहिलेलं असतं तिथे तारण म्हणजे कर्जापोटी अडकवून ठेवलेली वस्तू. माझ्या शेजारणीने एकदा उपासनेत मला कोपरा मारून विचारलं, "बाई, येशूनं आपल्यासाठी काय तारण ठेवलं वं?" मी तिला गप्प केलं. घरी येईपर्यंत मला कळलं होतं की अख्ख्या मंडळीत तिनेच नीट विचारलं. त्याने स्वतःलाच ठेवलं.

कलस्सैकरांस २:१४ उघड. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हाताने लिहून दिलेली कर्जाची चिठ्ठी. पौल म्हणतो, ती खोडली आणि वधस्तंभाला खिळली. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढलेला असतो तो आठव. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या तू पाहिल्यास. यादीत नाव आलं, गावात पेढे वाटले. पण बोजा कमी झाल्याचा फेरफार होईपर्यंत बुढ्याला झोप नाही. 'नीतिमान ठरवलं जाणं' म्हणजे हा फेरफार. माणूस चांगला झाला म्हणून नव्हे, कुणीतरी चुकतं केलं म्हणून. मग 'पवित्रीकरण' कुठे येतं? बोजा उतरलेलं वावर पुन्हा वखरून पेरायचं असतं, तिथे. सोळाव्या शतकात सुधारक लूथर आणि रोमची कॅथोलिक मंडळी यांच्यात जे फाटलं त्यातला मोठा वाद हाच, की नीतिमान ठरणं म्हणजे नुसता फेरफार, की त्यातच मशागतही धरायची? कॅथोलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली मशागत धरली. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला लूथरन आणि कॅथोलिक यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, की मूळ मुद्द्यावर आपण एकमेकांना धिक्कारायचं कारण उरलेलं नाही. आपल्या तालुक्यात ही बातमी अजून पोचायची आहे.

उपमा मात्र ताणू नकोस. खंडणी म्हटल्यावर आजचा पेपर वाचणारा विचारणारच, कुणाला दिली? प्राचीन काळी काहींनी सांगितलं, सैतानाला. त्याच ग्रेगरीला ते पटलं नाही : चोराला एवढी किंमत द्यायची? १०९८ च्या सुमाराला कँटरबरीच्या आर्चबिशप आन्सेल्मने म्हटलं, देवाचा मान पापाने हिरावला गेला, त्याची भरपाई माणसानेच द्यायला हवी आणि ती देण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. त्याच्या पाठोपाठ आबेलार म्हणाला, क्रूसावर दिसतं ते प्रेम, आणि तेच आपल्याला ओढतं. तुला पेपरात तिन्ही लिहावे लागतील. माझं विचारशील तर मला आन्सेल्मचा हिशेब पटतो आणि त्यातला सरंजामी थाट पटत नाही.

मत्तय १८ मध्ये येशूने सांगितलेल्या गोष्टीतला तो चाकर मात्र विसरू नकोस. मी सातवीच्या पोरांना त्याचं गणित घालायची. दहा हजार तालांतांचं कर्ज. एक तालांत म्हणजे ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. गुणा. सहा कोटी दिवस. एकही सुट्टी न घेता १ लाख ६४ हजार वर्षं. ते त्याला माफ झालं, आणि बाहेर येऊन त्याने शंभर दिवसांच्या मजुरीसाठी दुसऱ्याची मानगूट धरली. वर्गात कुणी ना कुणी म्हणायचंच, "बाई, हा तर आमच्या गावातलाच हाय."

काय राहिलं, त्यासाठी इसार पुरेसा आहे. वावराचा सौदा ठरला, इसार दिला, इसारपावती झाली. सौदा खरा आहे, पण खरेदीखत आणि ताबा बाकी. आपण त्या मधल्या दिवसांत आहोत. जो म्हणतो सगळं मिळालं, आता आजार नको की रडणं नको, तो इसारपावतीलाच खरेदीखत समजतो. जो म्हणतो अजून काहीच झालं नाही, तो पावती हरवून बसलाय. हजार वर्षांच्या राज्याबद्दल तीन मतं आहेत : ख्रिस्त त्याच्या आधी येईल, नंतर येईल, किंवा हजार हा आकडा म्हणजे मंडळीचाच काळ, जे ऑगस्टीनने मांडलं. तिन्ही अर्ध्या पानात लिही. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातल्या थोड्या ओळींवर लोकांनी कपाटं भरली आहेत, तुला तेवढी गरज नाही.

कामाचं सांगते. मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत मोठ्याने वाच, दोन तासांत होतं. मग फिलिप्पैकर २, रोमकर ३ ते ८, करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय. काट्यावर गाड्या नसतील तेव्हा वाच. समोरच वजनाचा आकडा दिसतो ना? माणूस तोलला जातो म्हणजे काय, ते तुला माझ्यापेक्षा बरं समजेल.

प्रश्न : माझं माहेर ख्रिस्ती, सासर महानुभाव, मोर्शी तालुका. रिद्धपूर जवळच आहे. सासूबाई विचारतात, "मंग तुमचा येशू बी अवतारच नं वं?" हो म्हणू की नाही?

उत्तर : आधी हे सांगा की तुमच्या सासूबाईंनी फार मोठा प्रश्न विचारला. आपल्या वऱ्हाडात देव माणसाच्या देहात येतो हे कुणाला शिकवावं लागत नाही. महानुभाव चक्रधर स्वामींना आणि रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना पंचकृष्णांत धरतात, आणि परमेश्वर जीवांच्या उद्धारासाठी, करुणेने देह धरतो असं मानतात. करुणेपाशी तुम्ही दोघी एकाच ओसरीवर आहात. तिथून 'नाही' म्हणून उठू नका.

फरक विचारला तर दोनच सांगा. एक, आमच्याकडे हे एकदाच. 'एकदाच' हा शब्द इब्रीकरांसच्या पत्रात पुन्हा पुन्हा येतो. दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो मला : घेतलेला देह त्याने परत टाकला नाही. पुनरुत्थानानंतर त्याने शिष्यांना हातापायांचे व्रण दाखवले, भाजलेला मासा खाल्ला, आणि तसाच वर गेला. ख्रिस्ती शिकवण अशी की तो आजही मनुष्य आहे. योहान म्हणतो, 'शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वसती केली'. मूळ ग्रीकात पाल ठोकल्याचा शब्द आहे. पण हा पाल उठवून पुढच्या गावाला गेला नाही.

शब्दाची भीती बाळगू नका. १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स यांनी स्वर्गाला खुशाल 'वैकुंठ' म्हटलं आहे. सासूबाईंशी तुमचं जमतं का, ते तुम्ही लिहिलं नाही. प्रश्नाच्या सुरावरून जमत असावं.

प्रश्न : (आर्णी तालुका. पत्र लांब आहे, थोडक्यात देते.) दोन वर्षांपूर्वी माझ्या घरच्यांनी स्वतःचा जीव घेतला. कर्ज होतं, दुबार पेरणी झाली होती, पण त्याआधी चार महिने ते बोलतच नव्हते. मागच्या महिन्यात बाहेरगावचे एक प्रचारक आले. त्यांनी भर मंडळीत सांगितलं की असं मरणाऱ्याला तारण नाही, कारण पश्चात्तापाला वेळच उरत नाही. मुलगी अकरा वर्षांची आहे, माझ्याच बाजूला बसली होती. तिने विचारलं, बाबा कुठं आहेत. मी काय सांगू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्या प्रचारकांनी शास्त्रात आहे त्याहून जास्त सांगितलं. एवढं तर आधी पक्कं धरा.

बायबलात असे मृत्यू आहेत. शौल राजा आहे. त्याच्यावर तारण गेलं असा शेरा कुठे मारलेला नाही. याबेशचे लोक रातोरात चालत गेले, त्याचं शरीर आणलं, हाडं झाडाखाली पुरली आणि सात दिवस उपास केला. दावीदाने त्याच्यावर विलापगीत रचलं. शास्त्राने लोकांना तिथे शोक करताना दाखवलं आहे. नंतरच्या मंडळीने कठोरपणा केला, हे खरं. कॅथोलिकांच्या १९१७ च्या कायद्यात अशांना ख्रिस्ती दफन नाकारलं होतं. १९८३ च्या कायद्यातून ते कलम गेलं, आणि १९९२ च्या त्यांच्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे की स्वतःचा जीव घेतलेल्यांच्या सार्वकालिक तारणाविषयी निराश होऊ नये. मनाच्या भारी विकाराने, मोठ्या भीतीने माणसाची जबाबदारी कमी होते. मी कॅथोलिक नाही. पण जिथे शेजाऱ्याने नीट सांगितलं आहे तिथे त्याचं ऐकावं.

आता त्यांचा मुद्दा : पश्चात्तापाला वेळ नव्हता. मग झोपेत गेलेल्याला कुठे असतो? वावरात वीज पडून गेलेल्याला? शेवटच्या मिनिटाला हिशेब पुरा जुळला तरच तारण, असं असेल तर आपल्यातलं कुणीच सुटत नाही, ते प्रचारकही नाहीत. तारण हे आपण शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडायचं कर्ज नव्हे. ते दुसऱ्याने ठेवलेलं आहे.

आणि हे, जे मी वरच्या मुलाला वहीत लिहून ठेवायला सांगितलं. सोळाशे वर्षांपूर्वी एका विद्वानाला वाटलं की ख्रिस्ताने माणसाचं मन घेतलं नसावं, आणि मंडळीने त्याला 'नाही' म्हटलं. ख्रिस्ताने मनही घेतलं. गेथशेमाने बागेत तो म्हणाला, 'माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे.' ताई, हे वाक्य देवाच्या पुत्राचं आहे. तुमच्या घरच्यांचे ते चार मुके महिने त्याला परके नाहीत. शेवटच्या ओळीपर्यंत नळी गेली आहे. जिथे मन वाळलं होतं, तिथेही. विश्वासांगीकारात आपण दर रविवारी म्हणतो, 'तो अधोलोकात उतरला.' घाईघाईने म्हणतो. पुढच्या रविवारी तेवढं हळू म्हणा. आणि रोमकर ८ च्या शेवटी पौल देवाच्या प्रीतीपासून काय काय वेगळं करू शकत नाही याची यादी देतो. तिची सुरुवात त्याने 'मरण' या शब्दाने केली आहे.

न्याय देवाचा आहे, निकाल मला ठाऊक आहे असं मी म्हणणार नाही. पण न्याय करणारा तोच आहे ज्याने ते वाक्य बागेत म्हटलं, आणि मी त्याच्यावर भार टाकून आशा धरते. मुलीला सांगा : बाबांचं मन फार आजारी पडलं होतं, ते येशूच्या हाती आहेत आणि येशूला तो आजार माहीत आहे. एवढंच. तिने पुन्हा विचारलं तर पुन्हा एवढंच. ती अकरा वर्षांची आहे, तिच्या बाजूला तुम्ही बसता, तेही तिच्यासाठी उत्तरच आहे.

तुम्ही लिहिता की तुम्हालाही रात्र-रात्र झोप नाही. प्रार्थना करा, आणि १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या मदतीच्या नंबरवर फोनही करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. घरच्यांच्या वेळी कुणी सांगितलं नाही म्हणून आता मी सांगते. सप्टेंबरात मी आर्णीला येणार आहे. दार उघडं ठेवा, चहा साखरेचाच करा.

प्रश्न : मोबाइलवर एक भाऊ रोज सांगतात की आधार कार्ड हेच श्वापदाचं चिन्ह ६६६ आहे आणि शेवट दोन वर्षांत येणार. पुढच्या हंगामासाठी पीककर्ज घ्यावं का? (दिग्रस तालुका)

उत्तर : घ्या, आणि वेळेवर फेडा.

६६६ बद्दल : प्रकटीकरणात श्वापदाच्या नावाचा हा आकडा दिला आहे. त्या काळी अक्षरांनाच आकड्यांची किंमत असे. रोमचा सम्राट 'नीरो कैसर' याचं नाव इब्री अक्षरांत लिहून बेरीज केली तर ६६६ येते, आणि नावाच्या दुसऱ्या लेखनाने ६१६. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ हाच आकडा सापडतो. राजाचं नाव तेव्हा उघड लिहिता येत नव्हतं, एवढाच त्यातला मामला असावा. आधारचे आकडे बारा असतात, तुम्हीच मोजा.

तारखेबद्दल : अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. एवढ्या लांब कशाला जायचं, मी दहा वर्षांची असताना आमच्याकडे एक फिरते उपदेशक आले आणि पुढच्या ईस्टरच्या आत सगळं संपणार म्हणून सांगून गेले. माझ्या काकांनी बैलजोडी विकली. चांगली जोडी होती, एकाचं शिंग जरा वाकडं. ईस्टर गेला, मृग आला, काका वडिलांकडे बी मागायला आले. पुढची तीन वर्षं त्यांनी दुसऱ्याचं वावर बटईने केलं. त्या उपदेशकांना त्याचं काय? पौलालाही थेस्सलनीकात अशीच माणसं भेटली होती, म्हणून त्याने लिहिलं की काम करायचं नसेल त्याने खाऊही नये. मार्क १३:३२ मध्ये येशू म्हणतो, तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. मोबाइलवरच्या भाऊंना ठाऊक आहे.

प्रश्न : आमची दफनभूमी नाल्याकाठी आहे. मागच्या पुरात तीन कबरी वाहून गेल्या, त्यात माझी आजी. आता पुनरुत्थानाच्या दिवशी तिचं कसं होणार? शिवाय जागाच उरली नाही. दहन केलं तर चालतं का? (उमरखेड तालुका)

उत्तर : करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौलाला हाच प्रश्न कुणीतरी विचारलेला दिसतो : मेलेले कसल्या शरीराने येतील? तो चिडून 'अरे निर्बुद्धी' म्हणतो (मी तुम्हाला म्हणत नाही) आणि पेरणीकडे बोट दाखवतो. तुम्ही पेरता ते उद्याचं झाड नव्हे, नुसता दाणा. सरकी टोबली की पंधरा दिवसांनी ती उकरून बघितलीत तर सालटं सापडतं, तेही कुजलेलं. वर पऱ्हाटी उभी असते. तीच ती, आणि तीच नव्हे. आजीची हाडं पैनगंगेत गेली तरी देवाला पत्ता शोधावा लागत नाही. सिंहांनी खाल्लेले आणि समुद्रात बुडालेले हुतात्मे मंडळीने पहिल्यापासून याच आशेने आठवले आहेत.

दहन चालतं. कॅथोलिकांनी १९६३ पासून त्याला मोकळीक दिली आहे, बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत बंदी नाही. तरी आपली माणसं दफनच पसंत करतात, आणि मला ते समजतं. कबरीपाशी जाऊन बसता येतं.

पण तुमचा खरा प्रश्न जागेचा आहे, तो शास्त्राने सुटणार नाही. मंडळीच्या सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीला द्या आणि ग्रामसभेत ठराव मागा. सोबत जुन्या दफनभूमीचा सातबारा, वाहून गेलेल्या भागाचे फोटो आणि पुराच्या वेळचा तलाठ्याचा पंचनामा जोडा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. नाल्याच्या बाजूने दगडी पिचिंगही त्यातच मागा, पावसाळ्याआधी.